संगणकातील दप्तराची राखण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या कार्यालयात दोन दप्तरे आहेत. एक लोखंडी कपाटात आहे. सभासदांच्या नोंदवह्या, विद्यार्थी साहाय्य निधीचे जुने अर्ज, पावतीपुस्तके आणि सभांची इतिवृत्ते त्यात आहेत. त्या कपाटाची किल्ली चिटणिसांजवळ असते. ते परगावी गेले तर ती खजिनदारांकडे जाते, आणि ती केव्हा कोणाकडे गेली ह्याची नोंद एका लहान वहीत होते. ही शिस्त आपल्या वडीलधाऱ्यांनी घालून दिली आणि आपण ती आजवर पाळीत आलो. दुसरे दप्तर टेबलावरच्या संगणकात आहे. ते पहिल्याहून कितीतरी मोठे आणि कितीतरी नाजूक आहे. त्याची किल्ली कोणाकडे असते, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर असे द्यावे लागेल की, जो त्या खुर्चीवर बसेल त्याच्याकडे. आज मला ह्या दुसऱ्या दप्तराविषयी बोलावयाचे आहे.

हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे असे कोणास वाटले तर त्यात नवल नाही. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे, आणि सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली. परंतु २०१५ साली शाळांच्या नोंदींसाठी 'सरल' प्रणाली आली, तेव्हा मुलांची नावे, जन्मतारखा व इतर तपशील संगणकात भरण्याचे काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडले. तेव्हापासून ह्या यंत्राचा माझा परिचय, आणि निवृत्तीनंतरच्या मोकळ्या वेळात तो वाढत गेला. जे समजले ते यथामति आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ह्या दप्तरात काय आहे ते पाहू. वधूवर सूचक केंद्राकडे आलेली मुलामुलींची परिचयपत्रे, छायाचित्रे, जन्मवेळा, पगाराचे आकडे, आणि कित्येकदा घटस्फोटाचे निकालपत्रही. विद्यार्थी निधीसाठी दिलेले उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रके, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. वैद्यकीय साहाय्यासाठी आलेले रुग्णालयाचे कागद. माणूस आपल्या सख्ख्या भावालाही जे सांगत नाही ते मंडळाला सांगतो. कारण सांगितल्यावाचून मदत मिळत नाही. गरजेपोटी दिलेला हा विश्वास आहे, आणि म्हणून त्याची जोखीम अधिक आहे.

एक घटना सांगतो. संस्था आपली नव्हे, गावही आपले नव्हे, आणि नाव घेण्याचे कारण नाही. त्या संस्थेकडे एका गृहस्थांनी मुलीच्या औषधोपचारासाठी साहाय्य मागितले. मुलीला लहानपणापासून फेफऱ्याचा विकार. औषधाने तो पूर्ण आटोक्यात होता. अर्ज मंजूर झाला, पैसे मिळाले, कागद कपाटात कुलूपबंद झाला. पुढे दोन वर्षांनी मुलीचे लग्न ठरण्याच्या बेतात असता वरपक्षाकडून निरोप आला की, आम्ही असे असे ऐकतो, ते खरे काय? मुलीच्या बापाने ती गोष्ट स्वतः सांगावयाची ठरविलीच होती. पण सांगण्याची वेळ त्याच्या हाती राहिली नाही. लग्न मोडले. मी त्या वेळी त्या संस्थेचे हिशेब तपासण्यास बसलो होतो. ते गृहस्थ आले, आणि आवाज न चढविता एवढेच म्हणाले की, माझा कागद मला परत द्या. कपाट उघडून कागद त्यांच्या हाती दिला गेला. परंतु त्या कागदाची प्रत संगणकात होती. ती कोणी पाहिली, कोणी पेनड्राइव्हवर नेली, हे तेथील कोणालाच सांगता आले नाही. संगणक सकाळी दहापासून उघडा असे, आणि त्यावर रेल्वेची तिकिटे काढण्यापासून क्रिकेटचे गुण पाहण्यापर्यंत सर्वांची कामे चालत.

वर्तमानपत्रांतून चोरीच्या ज्या वार्ता येतात त्या बहुधा दूरदेशीच्या चोराच्या असतात. दूरध्वनी करून ओटीपी विचारणारा, खोट्या दुव्यावर बोट ठेवावयास लावणारा, असा तो अदृश्य मनुष्य. त्याच्याविषयी सावध करणारे पुष्कळ आहेत. मी ज्याच्याविषयी बोलतो तो अदृश्य नाही. तो आपल्या खुर्चीवर बसतो, आपला चहा घेतो. तो दुरुस्तीस आलेला कारागीर असेल, सुटीत मदतीस येणारा कोणाचा तरी भाचा असेल, किंवा पदावरून उतरलेला पण किल्ली न उतरविलेला एखादा कार्यकर्ता असेल. यंत्र ज्याच्या हातात आहे त्याच्यापासून यंत्रातील मजकूर कसा राखावा, हा प्रश्न दूरच्या चोराच्या प्रश्नाहून निराळा आहे, आणि त्याचे उत्तरही निराळे आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते की, संगणक सुरू करताना तो परवलीचा शब्द विचारतो, तेव्हा आतले सर्व काही सुरक्षित आहे. ही समजूत चुकीची आहे. तो परवलीचा शब्द म्हणजे वाड्याच्या देवडीवर बसविलेला पहारेकरी. तो दरवाजातून येणाऱ्यास अडवितो. भिंत फोडून येणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. संगणकातील मजकूर हार्ड डिस्क नावाच्या एका लहान पेटीत असतो. त्या मजकुरावर दुसरा कोणताही संस्कार केलेला नसेल, तर चार स्क्रू काढून ती पेटी दुसऱ्या संगणकास जोडली की तेथे आपला पहारेकरी नसतोच. सर्व फाईली उघड्या दिसतात. पेटी काढावयाचीही गरज नाही. दुसरी कार्यप्रणाली भरलेला पेनड्राइव्ह लावून यंत्र त्यावरून सुरू केले तरी तेच घडते. ह्याला विद्वत्ता लागत नाही. दुरुस्ती करणारे हे रोज करतात, आणि बिघडलेल्या यंत्रातून आपला मजकूर वाचवून देतात तेव्हा आपण त्यांचे आभारही मानतो.

हे कारागीर बहुतेक सज्जन असतात, हे मला मान्य आहे. तथापि २०२२ साली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी एक परीक्षा पाहिली. किरकोळ बिघाड मुद्दाम करून त्यांनी संगणक सोळा दुकानांत दुरुस्तीस दिले. त्या बिघाडासाठी ग्राहकाच्या फाईली उघडण्याचे काहीच कारण नव्हते. सहा ठिकाणी त्या उघडून पाहिल्या गेल्या, आणि दोन ठिकाणी त्यांच्या प्रती काढून घेतल्या गेल्या. त्यापूर्वी हाँगकाँगमध्ये एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्याने दुरुस्तीस दिलेल्या संगणकातील खाजगी छायाचित्रे २००८ साली जगभर पसरली. त्या कारागिराला पुढील वर्षी शिक्षा झाली, पण छायाचित्रे परत आली नाहीत.

पहारेकरी आणि खरे कुलूप ह्यांतला भेद न कळल्यामुळे केवढा अनर्थ होतो ह्याचे उदाहरण एका सरकारनेच घालून दिले आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रिटनच्या महसूल व सीमाशुल्क खात्याने बालकांसाठी भत्ता घेणाऱ्या कुटुंबांची माहिती दोन तबकड्यांवर भरली आणि लंडनच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे, पोहोच पावतीची व्यवस्था न करता, रवाना केली. अडीच कोटी माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा, बँकेच्या खात्यांचे क्रमांक त्यांत होते. तबकड्या पोहोचल्या नाहीत. २० नोव्हेंबर २००७ रोजी अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग ह्यांना पार्लमेंटमध्ये ते सांगावे लागले; खात्याचे प्रमुख पॉल ग्रे ह्यांनी राजीनामा दिला. त्या तबकड्यांना परवलीचा शब्द होता, परंतु आतला मजकूर कूटलिपीत नव्हता. त्या पुढे सापडल्या नाहीत.

आपल्या तरुण मंडळींची दुसरी एक युक्ती म्हणजे फाईल 'लपविणे'. फोल्डर अदृश्य करावयाचे, किंवा त्याला 'जुनी भजने' असे नाव द्यावयाचे. ही युक्ती डब्यात डबा ठेवून पैसे लपविण्यासारखी आहे. शोधणाऱ्याला डबे मोजता येतात. यंत्राला तर ते क्षणार्धात मोजता येतात.

आणि आधारपत्राविषयी सांगितलेच पाहिजे. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले ई-आधार परवलीच्या शब्दाने बंद असते. तो शब्द कसा बनतो हे सर्वांस ठाऊक आहे: नावाची इंग्रजी पहिली चार मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. आता आमच्या मंडळांतून काय होते पाहा. एकाच फोल्डरमध्ये मुलीचे ई-आधार असते आणि शेजारीच तिचे परिचयपत्र असते, ज्याच्या पहिल्या दोन ओळींत नाव आणि जन्मतारीख लिहिलेली! कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगण्याचा हा प्रकार आहे. समजा, जन्मवर्ष ठाऊक नाही, तरी माणसाचे आयुष्य शंभर वर्षांचे धरून फार तर शंभर वेळा प्रयत्न करावा लागेल. ओळख पटविण्यापुरते आधार हवे असेल तर ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात असे आधार प्राधिकरणच देते. आपण तेवढेच मागावे. जे आपल्याजवळ नाही ते आपल्याकडून फुटणार नाही.

मग खरे कुलूप कोणते? ते समजण्यासाठी आपल्याच मराठी वाङ्मयाच्या इतिहासाकडे वळू. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ पंथाबाहेरच्यांच्या वाचनात येऊ नयेत म्हणून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षराऐवजी दुसरे अक्षर, असा त्या लिपीचा संकेत. पोथी दुसऱ्याच्या हातात पडली, त्याने ती उघडली, पान न् पान पाहिले, तरी त्याला अर्थबोध होत नसे. पोथी हाती असणे आणि मजकूर हाती असणे ह्या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. मराठीचे आद्य गद्य त्यामुळे कित्येक शतके बाहेरच्या अभ्यासकांना अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि ते भांडार सर्वांसाठी खुले झाले. वर्गात ही गोष्ट सांगताना मुलांचे डोळे कसे विस्फारत, ते मला आजही आठवते. पुढच्याच दिवशी अर्धा वर्ग स्वतःच्या सांकेतिक लिपीत चिठ्ठ्या लिहू लागे, आणि गुरुजींना त्या वाचता येतात हे पाहून खट्टू होई.

संगणकातील खरे कुलूप हेच आहे. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. आपण कूटलेखन म्हणू. डिस्कवरचा प्रत्येक शब्द कूटलिपीत लिहिलेला असला, तर ती पेटी काढून कोणी घरी नेली तरी त्याच्या हाती निरर्थक अक्षरांचा ढीग येतो.

सकळ लिपी आणि आजचे कूटलेखन ह्यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. सकळ लिपीत रहस्य होते ते पद्धतीत. पद्धत एकदा कळली की सर्व पोथ्या एकदम उघडल्या. ऑगुस्त केर्कहॉफ्स ह्या विद्वानाने १८८३ साली लष्करी कूटलेखनाविषयी लिहिताना असा दंडक घातला की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती किल्ली. आजची सर्वत्र वापरात असलेली पद्धत ह्याच दंडकावर उभी आहे. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रेमेन ह्या दोन बेल्जियन गृहस्थांनी ती रचली, जगभरच्या तज्ज्ञांनी उघडपणे तपासली आणि २००१ साली अमेरिकेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे संपूर्ण गणित छापलेले आहे, कोणीही वाचावे. गणित वाचून कुलूप उघडत नाही. प्रत्येकाची किल्ली वेगळी, आणि ती नसेल तर पद्धतीच्या कर्त्यालाही तुमची फाईल वाचता येत नाही.

हे सर्व खर्चाचे काम असेल अशी शंका खजिनदारांच्या मुद्रेवर दिसते. खर्च जवळजवळ नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर नावाची ही सोय मुळातच असते. घरगुती आवृत्तीच्या पुष्कळ नव्या यंत्रांवर तिचेच साधे रूप असते, आणि कित्येकदा ते मालकाच्या नकळत चालूही झालेले असते. ॲपलच्या यंत्रांत तिला फाईलव्हॉल्ट म्हणतात. संपूर्ण डिस्कऐवजी काही फाईलींपुरतीच तिजोरी हवी असेल, तर २०१३ पासून उपलब्ध असलेला व्हेराक्रिप्ट हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्याने संगणकावर एक मोठी बंद फाईल तयार होते. परवलीचे वाक्य दिले की ती कपाटासारखी उघडते, काम झाले की बंद करावयाची. आपल्या मंडळाला मी दोन्ही सुचवितो: सर्व डिस्क कूटलिपीत, आणि वैद्यकीय व वधूवर विभागाच्या फाईली त्याशिवाय वेगवेगळ्या तिजोऱ्यांत. कारण डिस्कचे कुलूप सकाळी एकदा उघडले की यंत्र चालू असेतोवर ते उघडेच राहते. दुपारी कोणी खुर्चीवर बसला तर त्याला ते कुलूप दिसतसुद्धा नाही. वधूवर विभागाच्या कार्यकर्त्याला रुग्णालयाचे कागद पाहण्याचे कारण नाही, आणि वैद्यकीय समितीला कोणाच्या जन्मवेळेचे कारण नाही.

'यंत्र चालू असेतोवर' असे मी म्हटले त्याचा थोडा खुलासा करतो, कारण येथे शिकलेली माणसेही फसतात. कुलूप उघडलेले असताना किल्ली यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की ही स्मृती तत्क्षणी पुसली जाते असा समज होता. २००८ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील मंडळींनी दाखवून दिले की, ती काही सेकंद टिकते; आणि धूळ झटकण्यासाठी मिळणारा हवेचा डबा उलटा धरून त्या स्मृतीच्या पट्ट्या उणे ५० अंशांपर्यंत थंड केल्या, तर ती काही मिनिटे टिकते. तेवढ्या अवधीत पट्टी दुसऱ्या यंत्रास लावून त्यांनी किल्ल्या वाचून काढल्या. आपल्या कार्यालयात कोणी असा डबा घेऊन येणार नाही, हे मलाही कळते. परंतु लॅपटॉपचे झाकण नुसते मिटले म्हणजे तो झोपतो, बंद होत नाही, आणि झोपलेल्या यंत्राच्या स्मृतीत किल्ली असते, एवढे त्यातून घ्यावे. कार्यालय बंद करताना संगणक पूर्ण बंद करावा. पाच मिनिटांसाठी उठताना पडदा कुलूपबंद करावा. खिडकीचे चिन्ह असलेली कळ आणि एल अक्षर एकत्र दाबले की झाले.

कूटलेखनाचीही मर्यादा आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. पोलंडच्या जोआना रुत्कोव्स्का ह्या संशोधिकेने २००९ साली ती मांडली. संगणक हॉटेलच्या खोलीत ठेवून मालक बाहेर गेला. मागे कोणी येऊन त्याच्या सुरू होण्याच्या भागात गुप्त फेरफार केला. मालकाने परत येऊन आपल्याच हाताने परवलीचे वाक्य लिहिले, आणि ते टिपले गेले. इंग्रजीत ह्या प्रकाराला 'दुष्ट मोलकरणीचा हल्ला' असे नाव पडले. ते नाव मला रुचत नाही. खोली झाडणाऱ्या गरीब बाईला उगीच खलनायिका केले आहे. असली कामे करावयास फार शिकलेला मनुष्य लागतो. कळफलक आणि संगणक ह्यांच्या मध्ये बोटभर लांबीचे टिपण-यंत्र बसविणे त्या मानाने सोपे, आणि ते बाजारात मिळते. तेव्हा जे यंत्र बराच काळ नजरेआड, परक्याच्या हाती राहिले आहे, त्यावर परत आल्याआल्या किल्ली चालवू नये. जाणत्याकडून ते तपासून घ्यावे, मागच्या बाजूच्या तारा स्वतः पाहाव्या. दुरुस्तीस देण्यापूर्वी शक्य तर डिस्क काढून ठेवावी. बिघाड बहुधा डिस्कचा नसतोच.

आता जुन्या यंत्रांविषयी. फाईल पुसली म्हणजे ती नाहीशी झाली असे आपण मानतो. वस्तुतः संगणक पुष्कळदा अनुक्रमणिकेतली ओळ खोडतो. पान पुस्तकात तसेच राहते, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलाट ह्या दोन विद्यार्थ्यांनी २००० ते २००२ ह्या काळात वापरलेल्या १५८ डिस्का बाजारातून विकत घेतल्या. त्यांतील १२९ चालत होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकीच्यांत पत्रे, रुग्णांची माहिती, पाच हजारांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक असा ऐवज सापडला. नव्या प्रकारच्या डिस्कांत तर, कोणता मजकूर आत कोठे लिहिला आहे हे डिस्क स्वतः ठरविते, म्हणून एखादीच फाईल निवडून कायमची पुसणे आणखी कठीण. ज्याने पहिल्या दिवसापासून कूटलेखन केले त्याची मात्र ह्यातून सुटका आहे. त्याने किल्ली नष्ट केली की डिस्कवरचे सर्व एकदम निरर्थक होते.

किल्लीविषयी सर्वांत अधिक बोलले पाहिजे, कारण ह्यापुढे सारा भार तिच्यावर आहे. पहारेकऱ्याला चार चुका झाल्यावर थांबविता येते. पण डिस्क घरी नेलेला मनुष्य आपले यंत्र लावून रात्रंदिवस किल्ल्या जुळवून पाहू शकतो. चार अंकी क्रमांक ठेवला तर प्रकार दहा हजार. जन्मतारीख ठेवली तर शंभर वर्षांतील दिवस सुमारे साडेछत्तीस हजार. यंत्राला हा क्षणांचा खेळ. अभंगाचा चरण, कुलदैवताचे नाव, नातवाचे लाडके नाव हेही नको. कारण ज्याच्यापासून राखावयाचे तो आपल्यातलाच आहे, त्याला आपले कुलदैवत ठाऊक आहे. अमेरिकेतील अर्नोल्ड राइनहोल्ड ह्यांनी १९९५ साली सुचविलेली रीत मला फार आवडली. ७,७७६ शब्दांची क्रमवार यादी घ्यावयाची, पाच फासे टाकून येईल तो शब्द उचलावयाचा, असे पाच-सहा शब्द घ्यावयाचे. पाच शब्दांचेच प्रकार मोजले तर वीस आकडी संख्या येते. हिशेब मी वहीत करून पाहिला आहे. 'पाटा, वीज, सोळा, कोल्हा, तांबूस' असे काही तरी निघते. अर्थ नसतो, म्हणून अंदाजही नसतो. आणि चार दिवसांत ते पाठ होते. शब्द आपण मनाने निवडावयाचे नाहीत, फाशांनी निवडावयाचे. मनुष्याचे मन फिरून फिरून आपल्याच अंगणात येते.

आता उलट बाजू. ही किल्ली हरवली तर विद्यापीठ, पोलीस, कंपनी कोणीही कुलूप उघडून देणार नाही. घरोघरी हा प्रश्न आहे. ठेवींच्या पावत्या, विम्याचे क्रमांक, घराचे खरेदीखत कर्त्या पुरुषाने संगणकात कुलूपबंद केले आणि तो अकस्मात गेला, तर विधवा पत्नीस त्या यंत्राचा काय उपयोग? म्हणून कूटलेखन सुरू करण्याआधी किल्लीची दुसरी सोय करावी, नंतर नव्हे. बिटलॉकर आरंभीच ४८ अंकांची एक राखीव किल्ली देतो. ती कागदावर छापून घ्यावी. तो कागद पाकिटात घालून, पाकिटाच्या जोडावर अध्यक्ष व चिटणीस ह्या दोघांनी सह्या करून, ते आपल्या जुन्या लोखंडी कपाटात ठेवावे. दुसरे तसेच पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये असावे. लॉकर उघडण्यास बँकेची एक आणि खातेदाराची एक अशा दोन किल्ल्या लागतात, ही पद्धत आपणांस परकी नाही. पाकीट फुटले तर ते का फुटले ह्याची नोंद त्या लहान वहीत व्हावी. पदाधिकारी बदलले की परवलीची वाक्ये बदलावी, जशी आपण बँकेतील सह्या बदलतो. राखीव प्रती ज्या डिस्कवर घेतो तीही कूटलिपीतच असावी. मुख्य दरवाजास कुलूप आणि मागचे दार सताड, असे होऊ नये.

माझे हे विचार ऐकून एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले की, मास्तर, म्हणजे आपण आपल्याच मुलांवर संशय घ्यावयाचा काय? ज्ञातीच्या संस्थेत हे शोभते काय? प्रश्न योग्य आहे. मघाच्या त्या संस्थेत पुढे काय झाले ते सांगतो. तेथे संगणकावर बसणारा एक गरीब मुलगा होता. त्याने काही केले ह्याचा कसलाही पुरावा नव्हता. परंतु गावाला एक नाव हवे होते, आणि त्याचे नाव सोपे होते. तीन महिन्यांत तो ते काम आणि ते गाव सोडून गेला. त्या फाईलीला कुलूप असते आणि किल्ली दोघांकडेच असती, तर त्या मुलाकडे कोणी बोट दाखविले नसते. चिटणीस कपाटाला कुलूप लावतात तेव्हा शिपायाचा अपमान होत नाही. उलट रात्री तो निर्धास्त घरी जातो.

कायद्याचा उल्लेख ओझरता करतो. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. माहिती राखण्याची वाजवी व्यवस्था न केल्यास कमाल दंड २५० कोटी रुपये लिहिलेला आहे. एवढा दंड आपल्यासारख्या लहान मंडळास कोणी करील असे मला वाटत नाही, आणि त्या भयाने हे काम करावे असेही वाटत नाही. एका बापाने आवाज न चढविता मागितलेला कागद मला त्या आकड्याहून मोठा वाटतो.

कार्यकारी मंडळापुढे मी चार सूचना लेखी दिल्या आहेत. डिस्कचे कूटलेखन, विभागवार तिजोऱ्या, पाकिटांची व्यवस्था, आणि तीन वर्षांहून जुने, काम संपलेले वैद्यकीय कागद कपाटातून व संगणकातून दोन्हीकडून काढून टाकणे. चौथ्या सूचनेस काहींचा विरोध आहे. जुने दप्तर म्हणजे मंडळाचा इतिहास, असे ते म्हणतात. इतिवृत्ते हा इतिहास खराच. कोणाच्या मुलीला कोणते औषध चालू होते, हा मंडळाचा इतिहास नव्हे, असे माझे मत आहे. निर्णय मंडळाने करावा.

कार्यालयाच्या माळ्यावर जुने दोन संगणक पडून आहेत आणि ते भंगारात देण्याचे घाटत आहे. ते तूर्त कोणी देऊ नयेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या डिस्का काढून, वेगळ्या ठेवून, त्यांवर काय आहे ते दोन पदाधिकाऱ्यांसमक्ष पाहावयाचे आहे. तरुण मंडळींपैकी ज्यांना हात चालविता येतो त्यांनी अवश्य यावे. येताना एक लहान स्क्रूड्रायव्हर घेऊन यावे, कारण कार्यालयातला कोणी तरी नेला आहे.